सेवायोजन कार्यालयातील पर्यवेक्षण

शासकीय सेवायोजन कार्यालयात (रोजगार विनिमय केंद्रात) उमेदवारांची नोंदणी, व्यवसायानुसार वर्गीकरण, रिक्त पदांसाठी नावांची निवड आणि आकडेवारीचे संकलन करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर देखरेख ठेवण्याची व्यवस्था. हे कार्यालय स्वतः नोकऱ्या निर्माण करीत नाही. मागणी आलेल्या जागेसाठी कोणाचे नाव पुढे पाठवावयाचे, एवढेच त्याच्या हाती असते. जागा थोड्या व उमेदवार पुष्कळ असले, म्हणजे या साध्या वाटणाऱ्या कामाला मोठे मोल येते. ते करणारा बहुधा कनिष्ठ लिपिक असतो. त्यामुळे या सेवेच्या इतिहासात पर्यवेक्षकापुढील मुख्य प्रश्न कामाच्या वेगाचा नसून निःपक्षपातीपणाचा राहिला आहे.

शासनाने चालविलेल्या देशव्यापी सेवायोजन सेवेचे प्रारंभीचे ठळक उदाहरण ब्रिटनमध्ये आढळते. तेथे १९०९ मध्ये श्रम विनिमय केंद्रांचा कायदा संमत झाला आणि १ फेब्रुवारी १९१० रोजी पहिली केंद्रे उघडली. विन्स्टन चर्चिल हे त्या वेळी व्यापार मंडळाचे अध्यक्ष होते, तर विल्यम बेव्हरिज हे या केंद्रांचे पहिले संचालक झाले. केंद्रांच्या व्यवस्थापकांना मालक व कामगार या दोघांचाही विश्वास संपादन करावयाचा होता. पहिल्या नेमणुका खुल्या स्पर्धापरीक्षेऐवजी निवड मंडळामार्फत झाल्याने वशिलेबाजीचा आक्षेपही घेतला गेला. संप चालू असलेल्या ठिकाणचे किंवा प्रचलित दरापेक्षा कमी वेतनाचे काम नाकारणाऱ्या कामगाराचे त्या कारणास्तव नुकसान होऊ नये, अशी तरतूद कायद्यातच होती. केंद्रातील कर्मचाऱ्याच्या निर्णयाला कायद्याने मर्यादा घालण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न होय.

भारतात अशी सेवा येण्यापूर्वी मुंबईच्या कापड गिरण्यांत भरतीची सूत्रे जॉबरच्या हाती होती. कामावर देखरेख करणारा तोच आणि माणसे लावणारा व काढणाराही तोच, अशी ही दुहेरी सत्ता होती. साहजिकच नोकरी मिळविण्यासाठी व टिकविण्यासाठी त्याला दस्तुरी द्यावी लागे. रॉयल कमिशन ऑन लेबरने (१९२९–३१) या पद्धतीवर टीका केली आणि भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घेण्याची शिफारस केली. तथापि कारखान्याच्या दाराशीच मुबलक मजूर मिळत असल्याने सार्वजनिक सेवायोजन केंद्रांचा पुरस्कार मात्र त्याने केला नाही. १९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डे देऊन भरतीवर नियंत्रण आणण्याची योजना सुरू केली. पुढे १९४९-५० च्या सुमारास मुंबई राज्य शासनाने अहमदाबाद, मुंबई व सोलापूर येथील गिरणी कामगारांसाठी नोंदणीवर आधारित भरतीची योजना आखली. जॉबरच्या मर्जीची जागा नोंदवहीने घ्यावी, हा या प्रयत्नांचा हेतू होता.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, जुलै १९४५ मध्ये, पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय स्थापन झाले. सैन्यातून मुक्त झालेल्या जवानांना आणि युद्धकार्यातून मोकळ्या झालेल्या कामगारांना काम मिळवून देणे, हे त्याचे पहिले उद्दिष्ट होते. फाळणीनंतर निर्वासितांसाठी आणि १९४८ पासून सर्वच कामेच्छूंसाठी केंद्रांची दारे खुली झाली. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सेवायोजन सेवेविषयीचा ८८ क्रमांकाचा संकेत स्वीकारला. सेवेतील कर्मचारी सरकारी नोकर असावेत, राज्यकर्ते बदलल्याने किंवा बाहेरच्या अनुचित दडपणाने त्यांच्या नोकरीला धक्का लागू नये आणि त्यांना पुरेसे प्रशिक्षण मिळावे, असे त्यात म्हटले आहे. भारताने हा संकेत १९५९ मध्ये मान्य केला. तत्पूर्वी १९५२ मध्ये नेमलेल्या बी. शिवराव समितीने ही सेवा कायम करावी व तिचे दैनंदिन प्रशासन राज्यांकडे सोपवावे, अशी शिफारस केली होती. त्यानुसार १ नोव्हेंबर १९५६ पासून केंद्रांचे प्रशासन राज्यांकडे गेले. धोरण, कार्यपद्धती व मानके ठरविण्याचे काम केंद्र शासनाकडे राहिले. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी व संशोधनासाठी १९६४ मध्ये दिल्ली येथे एक केंद्रीय संस्थाही स्थापन झाली.

कार्यालयातील पर्यवेक्षणाचा आधार म्हणजे कार्ड. प्रत्येक उमेदवाराचे एक्स-१ हे सूचिपत्रक कार्यालयात राही. एक्स-१० हे ओळखपत्र त्याच्या हाती दिले जाई. सूचिपत्रके राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणातील (१९५८, सुधारित १९६८) संकेतांकानुसार लावली जात. मालकाकडून आलेली मागणी एक्स-२ या पत्रकावर नोंदवीत. पर्यवेक्षकाला चार ठिकाणी विशेष लक्ष द्यावे लागे : नोंदणीच्या वेळी उमेदवाराला योग्य व्यवसायगट मिळाला आहे की नाही, मागणीतील अटी स्पष्ट आहेत काय, निवडलेली कार्डे नियमाने निवडली आहेत काय, आणि पाठविलेल्या नावांचे पुढे काय झाले. यांपैकी पहिली पायरी वरवर गौण दिसते. परंतु यंत्रजोडाऱ्याची नोंद अकुशल कामगार म्हणून झाली, तर त्याचे कार्ड योग्य मागणीच्या वेळी बाहेर निघतच नाही. आणि आपले नाव का वगळले गेले, हे त्याला कधी कळतही नाही. अशी चूक केवळ पर्यवेक्षकाच्या तपासणीतच उघडकीस येऊ शकते.

तिसऱ्या पायरीवर मात्र तत्त्वाचाच पेच होता. मालकाला योग्यतम उमेदवार हवा असतो, तर उमेदवाराला आपली पाळी. योग्यता ठरविण्याची मुभा लिपिकाला दिल्यास जॉबरचीच सत्ता नव्या रूपात येण्याचा धोका. नोंदणीच्या तारखेची ज्येष्ठता काटेकोरपणे पाळल्यास अनेक वर्षे काम न केलेल्या, कौशल्य विसरलेल्या माणसाचे नाव प्रथम जाण्याचा धोका. बेकारी वाढत गेली, तसा ज्येष्ठतेचा नियम सर्वसाधारणपणे बळकट झाला. तो तपासता येतो, हे त्याचे बलस्थान होते. परंतु मुदतीत नूतनीकरण न केल्यास ज्येष्ठता जाई. कामासाठी गाव सोडलेल्या उमेदवाराला या नियमाची झळ अधिक बसे.

सेवायोजन केंद्रांना रिक्त पदे कळविणे सक्तीचे करणारा १९५९ चा कायदा १ मे १९६०, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेच्या दिवशीच अंमलात आला. सर्व सार्वजनिक आस्थापना आणि २५ वा अधिक कर्मचारी असलेल्या खाजगी आस्थापना त्याच्या कक्षेत आल्या. अधिकाऱ्यांना कागदपत्रे तपासण्याचा अधिकार मिळाला. पण पद न कळविल्याबद्दलचा दंड पहिल्या अपराधास ५०० रुपयांपर्यंत मर्यादित होता. शिवाय केंद्राने पाठविलेल्या उमेदवारालाच नेमण्याचे बंधन कायद्याने मालकावर घातले नव्हते. एन्. हरगोपाल खटल्यात (१९८७) सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले; शासकीय भरती केंद्राच्या उमेदवारांपुरती मर्यादित ठेवण्याच्या सूचना मात्र त्याने ग्राह्य धरल्या. १९९६ मध्ये न्यायालयाने केंद्राकडून नावे मागविण्याबरोबरच जाहिरातही द्यावी व अर्ज करणाऱ्या सर्वांचा विचार करावा, असे म्हटले. त्यामुळे शासकीय नोकरीच्या दारावरील केंद्राचे स्थान दुबळे झाले.

संगणकाने कार्डांचे खण नाहीसे केले. २० जुलै २०१५ रोजी राष्ट्रीय करिअर सेवेचे संकेतस्थळ सुरू झाल्यानंतर उमेदवार स्वतःची माहिती स्वतः भरू लागला आणि समुपदेशनाला अधिक महत्त्व आले. कार्ड निवडणारा हात दिसेनासा झाला, तरी निवड थांबलेली नाही. कोणता व्यवसायगट नोंदवावा, हे न कळणारा अल्पशिक्षित उमेदवार यादीत मागे पडण्याची शक्यता आजही आहे. कोणाचे नाव गेले, याची नोंद यंत्र ठेवते. कोणाचे नाव जावयास हवे होते व गेले नाही, हे शोधण्याचे पर्यवेक्षकाचे मूळ काम यंत्राच्या युगातही शिल्लकच आहे.