फट: येलहंका 1944 ते दिवाडी 2009

येलहंका म्हटलं की लोकांना एअरो इंडिया आठवतं. इथे पोस्टिंग आल्यापासून माझ्या डोक्यात मात्र 1944 साल आणि एक लाकडी विमान घोळतंय.

त्या वर्षी फेब्रुवारीत रॉयल एअर फोर्सचं 45 वं स्क्वाड्रन व्हेंजन्स विमानं सोडून मॉस्किटो घ्यायला येलहंक्याला आलं. मॉस्किटोचं धड म्हणजे बर्च प्लायवूडचे दोन थर आणि मधे हलकं बाल्सा लाकूड, सगळं चिकटवलेलं. वजन कमी, वेग जबरदस्त. पण त्याच वर्षी भारतात काही मॉस्किटो उडता उडताच मोडली. नोव्हेंबरात उड्डाणं थांबवून तपासणी करावी लागली. आधी बोट इथल्या दमट हवेकडे गेलं. पुढच्या चौकशीत निघालं की पंखाचं आवरण आणि आतली मुख्य तुळई यांच्या जोडात बांधणीच्या वेळीच फट राहिली होती.

गोंद कितीही चांगला असो, थर एकमेकांवर दाबून बसले नाहीत तर जोड कच्चाच. सपाट फळी शिकंज्यात दाबता येते. होडीचं सुकाणू किंवा हॅचचं बाकदार झाकण सगळीकडून सारखं कसं दाबायचं?

उत्तर हवेत आहे. साच्याला मेण लावायचं, त्यावर इपॉक्सीत भिजवलेलं काचतंतूंचं कापड थरावर थर बसवायचं. वर सुटून येणारं कापड, मग जादा इपॉक्सी शोषणारं जाड कापड. सगळ्यावर प्लास्टिकची पिशवी, कडा चिकटपट्टीने बंद. पंपाने आतली हवा काढली की बाहेरची हवाच पिशवी दाबते. समुद्रकाठी हा दाब चौरस मीटरला जवळपास 10 टनांपर्यंत जातो. इपॉक्सी घट्ट होईपर्यंत पंप चालू ठेवायचा. एक बारीक गळती राहिली तरी दाब पडतो.

बेंगळुरू 900 मीटर उंचीवर. इथली हवा विरळ, म्हणून तीच पिशवी इथे 9 टनांच्या आसपासच दाबते. विमानाच्या भागांना एवढं पुरत नाही. ती पिशवी ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भट्टीत ठेवून उष्णता आणि जादा दाब देतात. इथल्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजने हे तंत्र तेजससाठी कमावलं. 4 जानेवारी 2001 ला पहिलं उड्डाण केलेल्या या विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे 45 टक्के कंपोझिट आहे.

हाच थरांचा विचार समुद्रावरही गेला. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या कल्पनेतून नौदलाने गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात 56 फुटी ‘म्हादेई’ बांधून घेतली. लाकडाचा गाभा आणि त्यावर काचतंतू. म्हणजे मॉस्किटोसारखंच सँडविच, फक्त साहित्य नवं. फेब्रुवारी 2009 मध्ये ती नौदलात आली. ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून एकटे निघाले, वाटेत चार बंदरं घेत मे 2010 मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय.

विमानात गडबड झाली तर निदान पॅराशूट असतं. दक्षिण महासागरात दोंदे आणि पाणी यांच्यामध्ये होते ते एवढेच थर. ते कुठे सुटले नाहीत. याचं श्रेय खलाशाइतकंच, दिवाडीत फट राहू न देणाऱ्या कारागिरांचंही आहे.