आयत्या वेळचे बोलणे : सांगलीपासून ब्रह्मपुरीपर्यंत

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा जयपूर आणि मराठे यांच्यातील लढाया व तह हा विषय प्रथम मनात आला. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही येथे एका वेगळ्याच इतिहासाकडे वळत आहोत. हाती लिहिलेले काही नसताना चारचौघांत उभे राहून समोरच्याला उत्तर देण्याची एक मराठी परंपरा आहे; तिचा हा इतिहास. विषय सुचण्यास कारण आमच्याच घरातील एक लहानसा प्रसंग झाला. तो आधी सांगितला पाहिजे, कारण त्यात चूक आमची होती.

केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन आम्ही विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राच्या परिसरात राहावयास आलो, तेव्हा आमचे चिरंजीव नऊ वर्षांचे होते. सीकर रस्ता, चौदा नंबरची पुलिया आणि आकड्यांनी ओळखले जाणारे रस्ते यांची सवय व्हायची होती. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात मुलाने शिवछत्रपतींवर बोलावे म्हणून आम्ही दोन पानांचे भाषण स्वतः लिहून दिले आणि आठ दिवस घोकून घेतले. व्यासपीठावर तिसऱ्याच वाक्याला तो अडला. आम्ही पहिल्या रांगेतून पुढचे वाक्य मोठ्याने सांगितले. घाईघाईने ते उच्चारताना तो म्हणाला, "महाराजांनी स्वराज्य स्थापन केला." सभागृहात हशा पिकला. हसणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. परंतु त्यानंतर सहा वर्षे हा मुलगा कार्यक्रमास आला तर मागच्या खुर्चीत बसे, आणि घरी मराठी पाहुणे आले तरी हिंदीतच बोले. परमुलखात भाषेचा धागा तुटतो तो असा.

मोठ्यांची स्थिती फारशी निराळी नाही. कार्यालयात दहा पानी टिपणी सहज लिहिणारा गृहस्थ नव्या शेजाऱ्याच्या दारात "काय, बरं आहे ना?" एवढे विचारून थांबतो, कारण पुढचे वाक्य त्याच्यापाशी तयार नसते. वाक्य तयार असल्याशिवाय तोंड उघडू नये, ही भीती आपल्यात आली कोठून? आपल्या पूर्वजांपाशी तरी ती नसावी, असे रंगभूमीचा इतिहास वाचताना आम्हांला वाटू लागले.

5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीस विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग झाला. मराठी रंगभूमी दिन आपण पाळतो तो याच तारखेस. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन यांनी तसे, पण अधिक नेटके खेळ मराठीत व्हावेत अशी इच्छा धरली, आणि बाहुल्या घडविण्यात व गोष्टी रचण्यात हुशार असलेल्या आपल्या आश्रयातील या तरुणावर ते काम सोपविले. एवढे बहुतेकांस ठाऊक असते. या नाटकाला आजच्या अर्थाने संहिता नव्हती, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. भाव्यांनी पदे रचली होती. सूत्रधार ती साथीदारांसह म्हणे, त्यातून प्रसंग कळे, आणि मग त्या त्या पात्राने पुढे येऊन त्या अनुरोधाने आपले भाषण स्वतःच करावयाचे. भाव्यांची रचना पुढे 1885 मध्ये छापली गेली ती 'नाट्यकवितासंग्रह' या नावाने. कविता राहिली, नटांची भाषणे प्रयोगाबरोबरच हवेत विरली.

ज्या नाटकाचा दिवस आपण पाळतो, ते नाटक बोलणाऱ्यांनी उभ्याउभ्या बोलून दाखविलेले होते. त्यांना हे धैर्य कसे झाले? आमच्या मते याला दोन कारणे होती. पहिले असे की, गोष्ट सर्वांची होती. कीर्तनांतून आणि पुराणांतून सीतेचे स्वयंवर नटाने, सूत्रधाराने आणि प्रेक्षकानेही शंभर वेळा ऐकलेले होते. वाट ठाऊक असल्यामुळे पाऊल कोठे टाकावे हे आयत्या वेळी ठरविता येई. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. नट एकटा नसे. तो अडखळला तर सूत्रधार दुसरे पद उचले, समोरचे पात्र एखादा प्रश्न टाकून त्याला वाट करून देई. मराठीत यासाठी फार सुंदर शब्द आहे : सांभाळून घेणे.

1851 मध्ये अप्पासाहेब निवर्तले, राजाश्रय सुटला आणि भाव्यांची मंडळी पोटासाठी गावोगाव फिरू लागली. मुंबईस त्यांनी 'राजा गोपीचंद' हे नाटक हिंदीतही करून दाखविले. घरापासून दूर, परक्या भाषेत, तेही परक्या प्रेक्षकांपुढे! आपण विश्वकर्मा क्षेत्रातील कारखान्यांत आणि कचेऱ्यांत रोज जे करतो, त्याचाच हा एक पूर्वावतार म्हणावयास हरकत नाही.

पुढे काळ पालटला. राक्षसपात्रांच्या आरोळ्यांवरून या खेळांना 'अलल्डुर्र' नाटके म्हणून हिणविले जाऊ लागले. ती थट्टा सर्वस्वी अन्यायाची होती असेही नाही. आयत्या वेळी बोलणाऱ्यांत भरताड बोलणारेही पुष्कळ असतात, हे कोणत्याही सभेत बसलेला मनुष्य जाणतो. 1861 मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' आले आणि लिहिलेल्या, 'बुकिश' नाटकांचे युग सुरू झाले. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा प्रयोग झाला, तेव्हापासून तर नाटककाराचा शब्द हाच नटाचा शब्द ठरला. मधल्या काळात, 1876 साली, नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारने कायद्याने आपल्याकडे घेतला; पुढे मजकूर आधी तपासून घेण्याची रीतही पडली. तो कायदा 2018 साली रद्द झाला. लेखी मजकुरावर सरकारची किती भिस्त असते, हे आमच्यासारख्या सरकारी नोकराने निराळे काय सांगावे? तोंडी सांगितलेले आम्ही ऐकतो. पण कागद आल्याशिवाय ते घडले असे मानीत नाही.

लिखित नाटकाने आपल्याला जे वैभव दिले त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु आयत्या वेळचे बोलणे शहरातील रंगमंचावरून हटले, आणि त्याबरोबर सांभाळून घेण्याची ती शिकवणही हटली. ती टिकली गावाकडे. तमाशातील बतावणी आणि सवालजबाब हे तिचे एक घर. 1965 मध्ये वसंत सबनिसांचे 'विच्छा माझी पुरी करा' आले. ते लिहिलेले लोकनाट्य, पण दादा कोंडके त्यात त्या त्या दिवसाची बातमी अशी गुंफीत, की तेच नाटक पुन्हा पाहावयास लोक येत. जात्यावर ओवी रचणाऱ्या आपल्या आज्या-पणज्या आणि हळदीकुंकवाला उभ्याउभ्या उखाणा जुळविणाऱ्या भगिनी हे दुसरे घर. कोणी व्यासपीठ दिले नाही म्हणून त्या थांबल्या नाहीत.

पण ही विद्या संपूर्ण रूपात पाहावयाची असेल तर सिंधुदुर्गातील दशावतार पाहावा. जत्रेच्या रात्री कंपनी गावात उतरते. पेटाऱ्यांतून पोशाख निघतात, जो तो आपले तोंड आपणच रंगवितो. आज कोणते आख्यान लावायचे हे पुष्कळदा तेथेच ठरते. कंपनीचा प्रमुख कथेचा सांगाडा सांगतो, भूमिका वाटतो आणि पेटी, पखवाज, झांज वाजू लागते. संकासुराची गंमत असलेला पूर्वरंग ठरलेला असतो. त्यानंतरचे आख्यान मात्र रात्रभर चालते ते नटांच्या स्वतःच्या शब्दांवर. स्त्रीवेषातला नट शोक करीत असता समोरचा राजा त्याला असा प्रश्न टाकतो, की त्या उत्तरातून कथेला आजवर नसलेले वळण लागावे. नवख्या पोराला प्रथम लहान काम मिळते; तो पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत जुन्यांचे बोलणे कान देऊन ऐकतो. त्याचे शिक्षण बोलण्यापासून सुरू होत नाही, ऐकण्यापासून होते. कारण समोरचा काय म्हणाला हे ज्याने ऐकले नाही, त्याला आयत्या वेळी उत्तर सुचणार कोठून? दिवसा शेतात राबणारे, शाळा अर्धवट सुटलेले हे लोक रात्री देवेंद्राच्या सभेत उभे राहून बिनचूक वाद घालतात. जन्मजात धीट असे त्यांत थोडेच असतात. धीटपणा त्यांना कंपनीने दिलेला असतो.

आता जयपूरकडे येऊ. जुन्या शहरातील ब्रह्मपुरीत होळीच्या सुमारास 'तमाशा' होतो, हे आपल्यापैकी किती जणांनी पाहिले असेल? सवाई प्रतापसिंहांच्या राजवटीत, म्हणजे 1778 ते 1803 या काळात, पंडित बंशीधर भट्ट यांनी तो येथे आणला. ते मूळचे महाराष्ट्रातले आणि हा प्रकारही तिकडचाच, असे राजस्थानच्या लोकनाट्याविषयी लिहिणारे सांगतात. फूलजी भट्ट, गोपीजी भट्ट यांनी तो पुढे चालविला आणि भट्ट घराण्याच्या पुढील पिढ्यांनी तो जिवंत ठेवला आहे. 'रांझा-हीर', 'जोगी-जोगण' आणि, योगायोग पाहा, 'गोपीचंद' हे त्यांचे खेळ. उंच रंगमंच नाही. उघड्या जागेला अखाडा म्हणतात आणि प्रेक्षक सभोवार बसतात. गाणे रागदारीतले, पण मध्येच चालू काळावर अशी कोटी येते की मोहल्ला हसून लोळतो. आपली ही लावणीची बहीण सासरी येऊन ढुंढाडी वळणाची झाली आहे. तरी नाकडोळ्यांवरून माहेर ओळखू येते. उलट दिशेनेही देणे झाले. जयपूरकडच्या मुलखात वाढलेले अल्लादिया खाँ 1895 मध्ये शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरास गेले आणि तेथून त्यांची गायकी केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यांत उतरली. 'उपज' हा त्या गायकीचाही प्राण आहे.

सातासमुद्रांपलीकडेही हाच शोध लागला, आणि तोही आपल्यासारख्या स्थलांतरितांमध्ये. अमेरिकेतील शिकागो शहरात 1889 मध्ये जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी 'हल हाउस' ही संस्था काढली. आजूबाजूला युरोपातून आलेल्या मजूर कुटुंबांची वस्ती होती. तेथे नेव्हा बॉइड या बाईंनी खेळांतून माणसे जोडण्याची पद्धत घडविली. त्यांच्या शिष्या व्हायोला स्पोलिन यांनी 1939 च्या सुमारास सरकारी करमणूक योजनेत काम करताना, भाषा न जुळणाऱ्या मुलांसाठी नाट्यखेळ रचले. 1963 मध्ये त्यांचे पुस्तक आले. त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स 1959 साली शिकागोत निघालेल्या 'सेकंड सिटी' या प्रसिद्ध उत्स्फूर्त नाट्यमंडळीच्या संस्थापकांपैकी होत. स्पोलिनबाईंचा एक विचार आमच्या मनाला लागला. दुसऱ्याची शाबासकी मिळेल की बोलणी बसतील, इकडेच ज्याचे डोळे लागलेले असतात त्याला उत्स्फूर्तपणे काहीच करता येत नाही, असे त्या म्हणत. पहिल्या रांगेत बसून वाक्य सांगणारा बाप आम्हांला तेथे स्पष्ट दिसला.

गेल्या गणेशोत्सवात मंडळातील काही तरुण मंडळींनी मुलांचे 'सीतास्वयंवर' बसविले. बसविले म्हणणेही चूक. तोंडपाठ करावयास एक ओळही दिली नव्हती. चार रविवार मुलांना जमवून कथा सांगितली, खेळ खेळविले, आणि एकच नियम घातला : समोरचा जे बोलेल ते खरे मानून पुढे जायचे. आम्हांला हा पोरखेळ वाटला होता, हे कबूल करतो. सौ.च्या आग्रहावरून चिरंजीव एका रविवारी मागे बसावयास गेले आणि जनक राजाच्या कामाला मुलगा कमी आहे म्हणून त्यांनाच उभे करण्यात आले.

प्रयोगाच्या दिवशी पडदा वर जाताच चार वर्षांचा लक्ष्मण आईला पाहून रडू लागला. जनक सिंहासनावरून उतरला, त्याला उचलून म्हणाला, "अयोध्येहून चालत आलेत, दमलेत. मिथिलेत दमलेल्या पाहुण्याला आधी मोदक देतात. आणा रे!" नैवेद्याच्या ताटातला मोदक आला आणि लक्ष्मण पुढचा सारा वेळ राजाच्या मांडीवर बसून राहिला.

मग राजा उभा राहिला आणि भरदार आवाजात म्हणाला, "हा धनुष्य जो उचलेल, त्यालाच माझी सीता मिळेल!"

आमचे तोंड पहिल्या रांगेत उघडले होते. तोच रावण झालेली मुलगी पुढे सरसावली, धनुष्याकडे तुच्छतेने पाहत म्हणाली, "हा धनुष्य? असले दहा धनुष्य मी लंकेत दारामागे टाकलेत!" त्यानंतर विश्वामित्रही 'हा धनुष्य' म्हणाले, रामही म्हणाला, आणि अखेरपर्यंत मिथिलेत तो पुल्लिंगीच राहिला. आम्ही तोंड मिटले आणि टाळ्या वाजवू लागलो.