बाळकृष्ण झालेली मुलगी

गिरगावात आज मॅजेस्टिक शॉपिंग सेंटर आहे, तिथे पूर्वी मॅजेस्टिक चित्रपटगृह होते. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' 1931 मध्ये तिथेच लागला, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच्या बारा वर्षे आधी, मे 1919 मध्ये, याच पडद्यावर दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन' झळकला. गोकुळभर खोड्या काढणारा आणि डोहात उडी घेऊन कालियाशी झुंजणारा त्यातला बाळकृष्ण मुलगा नव्हता. ती होती फाळक्यांची सात वर्षांची कन्या, मंदाकिनी.

त्या काळाचा रिवाज नेमका उलटा होता. 3 मे 1913 रोजी गिरगावच्याच कोरोनेशन चित्रपटगृहात लागलेल्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके. बायका मिळेनात म्हणून फाळक्यांनी त्यांना ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातून उचलून आणले होते. 1917 च्या 'लंका दहन'मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका एकट्या साळुंक्यांच्या! रंगभूमीवर बालगंधर्वांचे युग होते. स्त्रीपार्टी नटाचे कौतुक व्हायचे ते त्यातला पुरुष दिसेनासा झाला म्हणून.

मंदाकिनीच्या बाबतीत फाळक्यांनी असे काही लपवलेच नाही, आणि मला याचेच नवल वाटते. कथा सुरू होण्यापूर्वी पडद्यावर फक्त तिचा चेहरा येतो. सात वर्षांची कलावती म्हणून तिची ओळख करून दिली जाते आणि ती एकामागून एक भाव दाखवू लागते. मग पाहता पाहता तोच चेहरा कृष्णाच्या वेषात विरघळतो. प्रेक्षकांना आधी मुलगी भेटते, कृष्ण नंतर. हे सोंग आहे आणि ते एका मुलीचे आहे, हे जाणूनच पुढचा चित्रपट पाहायचा.

फाळके समाजसुधारणेचा झेंडा घेऊन निघाले होते, असे मात्र समजू नये. बाळकृष्णाचे रूप कोवळे, त्यामुळे मुलीचा चेहरा तिथे सहज खपून जातो. शिवाय ते घरच कामाला जुंपलेले होते. दादरला बिऱ्हाड असताना सरस्वतीबाई फाळके फिल्मला छिद्रे पाडण्यापर्यंतची कामे करत. त्या घरातली लेक कॅमेऱ्यासमोर उभी राहिली तर आश्चर्य कसले? तरीही भल्या घरच्या स्त्रीने अभिनय करणे गैर मानले जात होते, आणि अशा काळात बापाने पोटच्या मुलीला उघड्या चेहऱ्याने पडद्यावर आणले, ही गोष्ट लहान नाही.

ही मोकळीक वयापुरती होती. मंदाकिनी पुढे नायिका म्हणून पडद्यावर आली नाही. तिच्या आधी, 1913 च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये, दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या होत्या आणि त्यांची जेमतेम तेरा वर्षांची मुलगी कमळाबाई मोहिनी. कमळाबाई मात्र थांबल्या नाहीत. लग्नानंतर कमळाबाई गोखले या नावाने त्या अभिनय करत राहिल्या, रंगभूमीवर पुरुषांच्या भूमिकाही त्यांनी केल्या. त्या मायलेकींचे पोट नाटकावर होते. फाळक्यांच्या लेकीला तशी गरज नव्हती, आणि बहुधा तशी मुभाही नव्हती.

'कालिया मर्दन'चा बराचसा भाग आज शाबूत आहे. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील पी. के. नायर यांनी त्याचे तुकडे जुळवले. मंदाकिनीचे ते भावदर्शनही त्यात आहे.