दाखला कशाचा?

सरकारी नोकरी असो की रिक्षाचा बॅज, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी होते. तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय, असा प्रश्न अर्जात असतो. प्रश्न रास्त आहे. पण एके काळी काही माणसांचे उत्तर त्यांच्या जन्माआधीच लिहिलेले असे.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. आरंभ उत्तर हिंदुस्थानात झाला. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. जमातीच्या जमाती नोंदवहीत चढल्या. नेमून दिलेल्या ठिकाणी हजेरी लावायची, परवान्यावाचून गाव सोडायचे नाही! सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत झाली. लोक तिला सेटलमेंट म्हणत. तिथली माणसे कापडगिरण्यांत राबत आणि पुन्हा कुंपणात परतत. कामावर भरवसा होता, माणसावर नव्हता.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभरातून गेला. जमाती विमुक्त झाल्या. संशय मात्र सुटला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने १९८७ साली हे दुःख मराठी वाचकांपुढे मांडले.

२०१६ साली अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की उमेदवाराने माहिती खरीच द्यावी. पण तरुणपणीची किरकोळ बाब दडवली गेली असेल, तर तिचे स्वरूप पाहून ती माफ करता येते. म्हणजे नोंद वाचायची ती माणसाकडे पाहून. सेटलमेंटच्या नोंदवहीत माणूस कधी पाहिलाच गेला नव्हता. दाखल्यावर शिक्का मारणाऱ्या हाताने एवढे लक्षात ठेवावे.