लँकेस्टरचा कप्तान

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० जणांनी विमानातून लढाई केली. त्यांतले ५५,५७३ मृत्युमुखी पडले आणि ९,८०० हून अधिक युद्धकैदी झाले. या दलाचा मुख्य आधार होते अ‍ॅव्रो लँकेस्टर हे जड बॉम्बफेकी विमान. रॉय चॅडविक यांनी आराखडा केलेले हे चार इंजिनांचे विमान मार्च १९४२ मध्ये प्रथम मोहिमेवर गेले. अशी एकूण ७,३७७ विमाने तयार झाली. त्यांचे बहुतेक वैमानिक विशी-पंचविशीतले होते.

वैमानिकाचे शिक्षण बहुधा कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका किंवा ऱ्होडेशियात, छोट्या विमानांवर सुरू होई. ब्रिटनमध्ये पुढचा सराव वेलिंग्टन विमानांवर, मग जड विमानांवर. सहकारी मात्र वरून नेमले जात नसत. मोठ्या हँगरमध्ये वैमानिक, नॅव्हिगेटर, गनर अशा सगळ्यांना एकत्र सोडले जाई आणि त्यांनी आपापसांत बोलून चमू जमवायचे असत. लँकेस्टरवर सात जण असत आणि वैमानिक त्यांचा कप्तान असे, मग त्याचा हुद्दा काहीही असो. वैमानिक सार्जंट आणि नॅव्हिगेटर अधिकारी असला, तरी विमानात शब्द सार्जंटचाच चाले. १९४२ मध्ये दुसरा वैमानिक नेण्याची पद्धत बंद झाली. शेजारी फ्लाइट इंजिनिअर बसू लागला आणि सहा-आठ तासांच्या उड्डाणाचा भार एकाच वैमानिकावर आला.

मोहिमेच्या दिवशी नकाशावरचा पडदा बाजूला झाला, की लक्ष्य कळे. बर्लिन किंवा ऱ्हूरसारखे कडेकोट बचावाचे लक्ष्य दिसले, की खोलीतले वातावरण बदले. इंधन आणि बॉम्ब भरल्यावर विमानाचे वजन ३० टनांच्या आसपास जाई. ते जमिनीवरून उचलणे हीच पहिली कसोटी. एखादे इंजिन त्या क्षणी बंद पडले, तर सावरायला फारशी संधी नसे. पुढे सुमारे ६,००० मीटर उंचीवर, प्राणवायूचा मुखवटा लावून आणि दिवे मालवून शेकडो विमाने एकाच मार्गाने जात. आपल्याच दलाच्या दुसऱ्या विमानाशी टक्कर होण्याची भीती कायम असे.

जर्मन रात्र-लढाऊ विमान मागे लागले, की गनर ओरडून दिशा सांगे आणि वैमानिक त्याच बाजूला विमान खाली झोकून, वळवून, पुन्हा उलट बाजूने वर काढी. बूच काढायच्या स्क्रूसारख्या या वळणांत लढाऊ विमानाचा नेम चुके. जर्मनांनी १९४३ मध्ये पोटाखालून वर मारा करणाऱ्या तोफा आणल्या. लँकेस्टरच्या पोटाखालचे दिसत नसल्यामुळे अनेकांना हल्लेखोर कळलाच नाही.

सर्वांत अवघड क्षण लक्ष्यावर येई. बॉम्ब-एमर काचेच्या नाकात पालथा पडून सूचना देई. डावीकडे वळवायचे तर ‘लेफ्ट, लेफ्ट’ असे दोनदा आणि उजवीकडे वळवायचे तर ‘राइट’ एकदाच, म्हणजे गोंगाटात घोटाळा नको. तोफांच्या माऱ्यात वैमानिकाने विमान जराही हलू द्यायचे नाही. बॉम्ब पडल्यावरही सुटका नसे. छायाचित्र निघेपर्यंत अर्धा मिनिट सरळच उडायचे, कारण तोच कामगिरीचा पुरावा. अनेकांना बॉम्ब थोडे आधीच टाकण्याचा मोह होई. त्यामुळे मोठ्या हल्ल्यांत स्फोट लक्ष्यापासून मागे मागे सरकत.

विमान पेटले, तर इतरांनी उड्या मारेपर्यंत ते समतोल धरायचे काम वैमानिकाचेच. दिल्लीत जन्मलेला लेस्ली मॅन्सर ३०-३१ मे १९४२ च्या रात्री कोलोनवरील हजार विमानांच्या हल्ल्यात होता. त्याचे विमान दोन इंजिनांचे मँचेस्टर, म्हणजे लँकेस्टरचे पूर्वरूप. परतताना एक इंजिन पेटले. साथीदाराने पुढे केलेले पॅराशूट नाकारून त्याने विमान सावरून धरले. सहा साथीदार वाचले, वीस वर्षांचा मॅन्सर बेल्जियममध्ये विमानासह कोसळला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

सेवेची पहिली फेरी तीस मोहिमांची असे, पण ती पुरी होण्याची खात्री नसे. ३०-३१ मार्च १९४४ च्या न्युरेंबर्ग हल्ल्यात ७९५ पैकी ९५ विमाने परतली नाहीत. ज्याला पुढे उडणे सहन होत नसे, त्याच्यावर ‘नैतिक बळाचा अभाव’ असा शिक्का बसून हुद्दा जाण्याची वेळ येई. त्यामुळे बहुतेकांनी भीती मनातच ठेवली.

खाली जळणाऱ्या शहरांत माणसे होती. जुलै १९४३ मधील हॅम्बर्गच्या अग्निवादळात हजारो नागरिक मेले. शहरांवर हल्ल्यांचे हे धोरण बॉम्बर कमांडचे प्रमुख सर आर्थर हॅरिस आणि त्यांच्या वरचे नेतृत्व ठरवत होते, पण त्यावरील वादाची झळ वैमानिकांना लागली. चर्चिल यांनी मे १९४५ च्या विजयभाषणात बॉम्बर कमांडचा उल्लेख टाळला आणि या दलाला स्वतंत्र मोहीम-पदकही मिळाले नाही. लंडनच्या ग्रीन पार्कमधील स्मारक २०१२ मध्ये उभे राहिले आणि पदकावर लावायची खास पट्टी २०१३ मध्ये मिळू लागली. तोवर बहुतेक वैमानिक हयात नव्हते.