रुग्णालयातील डिजिटल नोंदी : सिस्टरला सोपी वाटेल तीच प्रणाली कामाची

केसपेपर, टीपीआर चार्ट, लॅबची चिठ्ठी, औषधांची यादी. रुग्णालयात रोज कागदांचा ढीग तयार होतो. कागद हरवतात, भिजतात, कधी डॉक्टरांचे अक्षरच लागत नाही. म्हणून अनेक रुग्णालये आता संगणकावर नोंदी ठेवू लागली आहेत. या नोंदींना इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड, थोडक्यात ईएचआर म्हणतात. भारत सरकारने त्यासाठी २०१३ मध्ये मानके जाहीर केली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातील आभा क्रमांक १४ अंकी असतो आणि तो काढणे ऐच्छिक आहे.

पण संगणक आणला म्हणजे काम झाले, असे नाही. तो वापरणाऱ्या माणसाचा विचार केला नाही तर काय होते, याची दोन उदाहरणे आम्ही येथे देत आहोत.

एकच कंपनी, दोन अनुभव

अमेरिकेतील पिट्सबर्गच्या बाल रुग्णालयात ऑक्टोबर २००२ मध्ये औषधांचे आदेश संगणकावरून देणे सुरू झाले. दुसऱ्या रुग्णालयांतून तेथे पाठवलेल्या मुलांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी या मुलांमधील मृत्यूचे प्रमाण २.८० टक्के होते, नंतरच्या पाच महिन्यांत ते ६.५७ टक्के झाले.

असे का झाले? पूर्वी अत्यवस्थ मूल वाटेत असतानाच औषधे लिहून तयार ठेवता येत. नव्या पद्धतीत मूल पोहोचून त्याची नोंदणी पूर्ण होईपर्यंत आदेशच देता येईना. जो आदेश कागदावर काही सेकंदांत लिहिला जाई, त्याला अनेक क्लिक आणि एक-दोन मिनिटे लागू लागली. डॉक्टर आणि नर्स खाटेजवळून उठून स्क्रीनपुढे अडकले. त्याच वेळी औषधांचा साठाही एका मध्यवर्ती ठिकाणी हलवला गेला होता. त्यामुळे सगळा दोष सॉफ्टवेअरचाच, असे म्हणता येणार नाही.

सिएटलच्या बाल रुग्णालयाने २००३ मध्ये त्याच कंपनीची प्रणाली बसवली. तेथे नेहमी लागणाऱ्या आदेशांचे संच आधीच तयार करून ठेवले होते. तेथील अतिदक्षता विभागात मृत्यूचे प्रमाण वाढले नाही. कंपनी तीच, पण कामाची मांडणी वेगळी. फरक तेथे पडला.

चांगली प्रणाली कशी असावी?

पहिली गोष्ट, कामाचा क्रम आधी पाहावा. प्रणाली बनवणाऱ्याने रात्रपाळीला वॉर्डात बसून पाहावे : सिस्टर आधी बीपी घेते की सलाईन बदलते, ड्युटी बदलताना ओव्हर कसा देते. स्क्रीनचा क्रम त्याच क्रमाने हवा.

दुसरी, इमर्जन्सीला दार उघडे हवे. नाव-पत्ता माहीत नसला तरी ‘अनोळखी रुग्ण’ म्हणून तात्पुरता क्रमांक मिळावा आणि उपचार लगेच सुरू व्हावेत. बाकीची माहिती नंतर भरता येते.

तिसरी, टायपिंग कमी. रोजच्या गोष्टींना टिकमार्क पुरतो. तीच माहिती तीन ठिकाणी भरायला लावली, तर लोक एकतर टाळतात किंवा ड्युटी संपताना अंदाजाने भरतात. अशी नोंद कोऱ्या कागदापेक्षा धोक्याची.

चौथी, इशारे मोजकेच. प्रत्येक औषधाला लाल खिडकी उघडली, की माणूस न वाचताच ‘ओके’ दाबतो. मग खऱ्या ॲलर्जीचा इशाराही निसटतो.

पाचवी, लॉगिन झटपट व्हावे. त्याला वेळ लागला की अख्खा वॉर्ड एकाच पासवर्डवर काम करतो. मग इंजेक्शन कोणी दिले, याचा पत्ता लागत नाही.

नावांचा घोळ

हा मुद्दा आपल्या वाचकांच्या जवळचा आहे. शेख हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. मोहम्मदचे कुठे ‘मोहं.’ होते, कुठे ‘एमडी’. कुणी आडनाव आधी लावतो, कुणी नंतर, तर कुणाला आडनावच नसते. अशा वेळी एकाच माणसाच्या दोन फायली तयार होतात किंवा दोघा शेखांची एक होते. दुसरी चूक जास्त भयंकर, कारण रक्तगट एकाचा आणि रक्त दुसऱ्याला, असे होऊ शकते. म्हणून फक्त नावावर शोध नको. वय, मोबाईल नंबर आणि रुग्णालयाचा क्रमांकही जुळवावा. आडनावाचा रकाना सक्तीचा नसावा. जन्मतारीख ठाऊक नसेल तर अंदाजे वय चालावे. नाहीतर कारकून सगळ्यांनाच १ जानेवारी लावून मोकळा होतो.

ट्रस्टींनी काय विचारावे?

दवाखाना चालवणाऱ्या संस्थांना आमची विनंती आहे की, सौदा पक्का करण्याआधी प्रणाली एका वॉर्डात महिनाभर चालवून पाहा. वीज किंवा नेट गेले तर काय, हे विचारा. छापील फॉर्म तयार ठेवा. कंपनी बदलायची झाली तर नोंदी परत कशा मिळतील, हे लेखी घ्या. कोणाला काय दिसेल हेही ठरवा, कारण २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने रुग्णाची माहिती जपणे ही संस्थेची जबाबदारी केली आहे.

आणि निर्णयाच्या बैठकीत एक सिस्टर, एक फार्मासिस्ट आणि केसपेपरच्या खिडकीवरचा एक कारकून यांना जरूर बसवा. प्रणाली शेवटी त्यांनाच चालवायची आहे.