बरं व्हायला किती दिवस लागतात? पित्ताशयाच्या ऑपरेशनचा इतिहास

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य होतं: दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया फ्रान्समधल्या ल्यों शहरात १९८७ साली फिलिप मूरे यांनी केली. खाली तीन संदर्भ दिले होते. गाईडनी वाक्याखाली रेघ मारली आणि एवढंच विचारलं, "हे तिघं एकमेकांचंच वाचून लिहीत नाहीत ना?" शोधून पाहिलं, तर तसंच निघालं. तिघांचा धागा एकाच लेखाकडे जात होता.

तर आधी थोडं मागे जाऊ. पित्ताशय पूर्ण काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनच्या लाझारस रुग्णालयात कार्ल लांगेनबुख यांनी केली. रुग्ण ४३ वर्षांचा होता आणि सोळा वर्षं पोटदुखीने हैराण होता. तोपर्यंतची पद्धत म्हणजे पित्ताशय उघडून खडे काढायचे आणि पिशवी जागेवर ठेवायची. अमेरिकेत इंडियानापोलिसला जॉन बॉब्ज यांनी १८६७ मध्ये असंच ऑपरेशन केलं होतं. लांगेनबुख यांचं म्हणणं वेगळं होतं. पिशवी काढायची ती तिच्यात खडे आहेत म्हणून नाही, तर ती खडे तयार करते म्हणून. पण पिशवीशिवाय माणूस जगेल का? घोड्याला आणि हत्तीला पित्ताशय नसतं, आणि सतराव्या शतकात कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांत ते काढूनही प्राणी जगले होते. एवढ्या पुराव्यावर आणि मृतदेहांवर सराव करून त्यांनी सुरी हातात घेतली. दुसऱ्या दिवशी रुग्णाला ताप नव्हता आणि तो सिगार ओढत होता, अशी नोंद सांगितली जाते. ही सिगार जवळपास प्रत्येक पुस्तकात भेटते. तोच रुग्ण पुढे काही आठवडे रुग्णालयातच होता, हे मात्र पुष्कळ ठिकाणी गळून जातं. माझ्या विषयासाठी सिगारपेक्षा ते आठवडे जास्त महत्त्वाचे आहेत.

आता 'पहिल्या' दुर्बिणीच्या ऑपरेशनकडे येऊ. १२ सप्टेंबर १९८५ रोजी जर्मनीतल्या ब्योब्लिंगेन या छोट्या गावात एरिख म्यूहे यांनी ते केलं होतं, म्हणजे मूरेंच्या दीड वर्ष आधी. त्यासाठी 'गॅलोस्कोप' नावाचं उपकरण त्यांनी स्वतः बनवून घेतलं होतं. १९८६ च्या एप्रिलमध्ये जर्मन सर्जनांच्या परिषदेत त्यांनी हे मांडलं, तेव्हा मोठ्या मंडळींनी थट्टाच केली. 'मिकी माउस सर्जरी' हा शब्द तेव्हाचा. पुढे त्यांचा एक रुग्ण दगावला आणि त्यांच्यावर खटला भरला गेला. त्यातून ते सुटले १९९० मध्ये. म्हणजे बघा, जगभरचे सर्जन हेच तंत्र शिकायला धावत होते त्याच काळात हा माणूस कोर्टाच्या पायऱ्या चढत होता! १९९२ मध्ये त्याच जर्मन संघटनेने त्यांना पुरस्कार दिला.

मग मूरेंचं नाव का टिकलं? लबाडी कुणीच केली नव्हती. म्यूहेंचं लिखाण जर्मन भाषेत होतं. फ्रान्समध्ये मूरेंचं पाहून पॅरिसचे दुब्वा आणि बोर्दोचे पेरिसा यांनी काम पुढे नेलं, आणि त्यांच्यामार्फत ते अमेरिकेतल्या परिषदेत पोहोचलं. इंग्रजी वाचणाऱ्या जगासाठी इतिहास तिथून सुरू झाला. आपल्याकडे ते लवकर आलं. मुंबईत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्येच हे ऑपरेशन केलं. जे. जे. रुग्णालयात ते १९७० च्या दशकापासून लॅपरोस्कोप वापरत होते, मुख्यतः निदानासाठी, त्यामुळे हात तयार होता.

हे तंत्र इतक्या वेगाने पसरलं, की नीट तुलना करायला कुणी थांबलंच नाही. सुरुवातीच्या वर्षांत पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण उघड्या ऑपरेशनपेक्षा वाढलं. स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये नलिका कापण्याआधी नेमकं काय दिसलं पाहिजे याचा निकष मांडला, तो याच अनुभवातून. आणि 'लवकर बरं वाटतं' हा दावा बहुतेक वेळा जुन्या, लांब चिरेच्या रुग्णांशी तुलना करून केलेला होता.

१९९६ साली 'लॅन्सेट'मध्ये शेफिल्डच्या गटाचा एक अभ्यास आला. तो जरूर वाचा, निव्वळ पद्धत कशी असावी हे पाहायला. २०० रुग्ण, चिठ्ठी टाकावी तसे दोन गटांत वाटलेले. एका गटाचं दुर्बिणीतून ऑपरेशन, दुसऱ्याचं लहान चीर देऊन. गंमत पुढे आहे. दोन्ही गटांच्या पोटावर हुबेहूब सारखी पट्टी बांधली, म्हणजे कुणाचं कुठलं ऑपरेशन झालं हे वॉर्डातल्या नर्सना कळू नये. निकाल असा, की रुग्णालयात राहण्याचा काळ सारखाच, कामावर परतण्यातही दुर्बिणीचा फायदा दिसला नाही, आणि वेळ मात्र दुर्बिणीच्या ऑपरेशनला जास्त लागला.

यावरून दुर्बीण फुकट, असं म्हणायची घाई नको. जुन्या लांब चिरेशी तुलना केली तर रुग्ण खरंच लवकर घरी जातो, हे नंतरच्या आढाव्यांतही दिसलं. पण बरं होण्याचे दिवस काही अंशी जखम ठरवते आणि काही अंशी आजूबाजूची माणसं ठरवतात, ही शंका त्या पट्टीने माझ्या डोक्यात घातली. लांगेनबुखच्या रुग्णाचे ते आठवडे जखमेचे होते की रिवाजाचे?

माझ्या आईचं ऑपरेशन १९९३ चं, तालुक्याच्या गावी. उजव्या बरगडीखाली वीतभर व्रण आहे. तीन महिने तिने पाण्याची घागर उचलली नव्हती. मागच्या वर्षी मावसबहिणीला चार भोकं पाडली, दुसऱ्या दिवशी ती घरी आणि दहाव्या दिवशी ऑफिसात. मी आईला विचारलं, तीन महिने कुणी सांगितले होते, डॉक्टरांनी? ती म्हणाली, "डॉक्टर कुठे काय बोलले! तुझ्या आजीने सांगितलं. आणि खरं सांगू, मलाही जरा बसायला मिळालं."

आईचं तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड अजून पत्र्याच्या पेटीत आहे. त्यावर लिहिलंय: आठ दिवसांनी टाके काढण्यास येणे. बाकी काही नाही.